सुरवंटांच्या शर्यतीवरून थंडीचा अंदाज! अमेरिकेतल्या या डोंगरगावात असं का करतात?

दोरीवर चढणारा सुरवंट पाहायला दोन दिवसांत वीसेक हजार माणसं जमतात, हे वाचून हसू आलं? मग भेंडवळची घटमांडणी आठवा. अक्षय्य तृतीया झाली की त्या भाकिताची बातमी आपण सगळेच उघडतो. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातल्या बॅनर एल्क गावची 'वूली वर्म' जत्रा त्याच जातकुळीतली.

गाव सुमारे ३,७०० फूट उंचीवर, वस्ती जेमतेम हजारभर. लीज-मॅक्रे कॉलेजचे विद्यार्थी असतात म्हणून एरवीही थोडी वर्दळ. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मात्र पाय ठेवायला जागा नसते.

शर्यत कशी होते?

फळ्यावर साधारण साडेतीन फुटांच्या उभ्या दोऱ्या ताणलेल्या असतात. तळाशी आपापला केसाळ सुरवंट सोडायचा आणि मग हात लावायचा नाही. फुंकर मारा, टाळ्या वाजवा, ओरडा, सगळं चालतं. फेऱ्या होत होत शनिवारी अंतिम विजेता ठरतो. त्याच्या मालकाला १,००० डॉलर मिळतात आणि त्या सुरवंटावरून हिवाळ्याचं भाकीत 'वाचलं' जातं.

सुरवंटाच्या अंगावर १३ कडी, हिवाळ्याचे आठवडेही १३. काळं कडं म्हणजे त्या आठवड्यात कडाका आणि भरपूर बर्फ, फिकट तपकिरी म्हणजे नेहमीसारखी थंडी.

पण शर्यतच का? स्थानिक मासिक काढणाऱ्या जिम मॉर्टन यांना अंकात सुरवंटाचा अंदाज छापायचा होता. दोन सुरवंट पाहिले, तर दोघांचे रंग वेगळे! खरं कुणाचं मानायचं? १९७८ मध्ये त्यावर शर्यतीचा तोडगा निघाला. इंजिनीअरिंगला 'सॅम्पल साइज' शिकलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. इथे सॅम्पल एकच, तोही सर्वांत चपळ.

विज्ञान काय म्हणतं?

हा 'इझाबेला टायगर मॉथ' या पतंगाचा सुरवंट. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ हॉवर्ड करन यांनी १९४८ पासून काही वर्षं असे सुरवंट गोळा करून पट्टे मोजले. त्यांचे नमुने मोजकेच होते, पण बातमी झाली आणि ही समजूत देशभर पसरली. प्रत्यक्षात रंगांचं प्रमाण सुरवंटाचं वय आणि वाढीच्या काळातली ओल यांवर ठरतं. म्हणजे तो सांगतो ते मागचं, पुढचं नाही.

तरीही गावाला हिवाळ्याची उत्सुकता असते, कारण पोटाचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. शेजारीच शुगर माउंटन आणि बीच माउंटन ही स्कीइंगची ठिकाणं आहेत. बर्फ पडला तर हॉटेलं भरतात. जत्रेचा नफाही मुलांसाठीच्या कामांना आणि स्थानिक व्यवसायांच्या प्रसाराला जातो.

म्हणूनच २०२४ चा घाव खोल होता. २७ सप्टेंबरला हेलीन वादळाने हा डोंगरी पट्टा झोडपला. रस्ते वाहून गेले, राज्यात शंभरहून अधिक बळी गेले. जत्रेला तीन आठवडे उरले होते. ती रद्द झाली आणि ऐन हंगामातली गर्दी आलीच नाही. पुढच्या ऑक्टोबरमध्ये दोऱ्या पुन्हा ताणल्या गेल्या.

तिकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना सांगा: सुरवंट घरून न्यायची गरज नाही, जत्रेत विकत मिळतो.