बांगड्या गेल्या, बिल उरलं

मैत्रिणींनो, आमचं जळगाव म्हणजे सोन्याचं गाव. लग्नाचा बस्ता कुठंही बांधा, पण सोनं जळगावचंच हवं असं म्हणणारे आजही खूप आहेत. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि ज्याची जेवढी ऐपत तेवढं गुंजभर का होईना सोनं घरात येतं.

२०२१ ची आखाजी मात्र वेगळी होती. दुसऱ्या लाटेत लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके रिकामे राहिले. आणि सोनं घरात येण्याऐवजी घरातून बाहेर चाललं होतं.

माझ्या शेजारच्या वहिनींचंच सांगते. नवरा डाळ मिलमध्ये हिशेब लिहायला. एप्रिलमध्ये ताप आला, चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८८ वर. सरकारी दवाखान्यात बेड नाही. दोन खासगी दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्याने घेतलं, पण आधी ५० हजार भरा म्हणाले. वहिनींनी रात्री हातातल्या चार बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि सकाळी पतपेढी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसल्या.

अकरा दिवसांनी भाऊ घरी आले. देवाची कृपा! पण बिल झालं २ लाख ४० हजार. वहिनी ते कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "बिल देखीसन मना जीव उडी गया वं ताई," एवढंच बोलल्या.

बचत गटाचे हिशेब बघायची मला सवय आहे. मी वही घेतली आणि बिलाची फोड करायला बसले. पाच दिवस साधा वॉर्ड, सहा दिवस आयसीयू. सरकारने तेव्हा ठरवलेल्या दराने हे होतात ६५ हजार. मग उरलेले पावणेदोन लाख कशाचे? औषधं, तपासण्या आणि पीपीई किट. किटचे रोजचे २ हजार, म्हणजे अकरा दिवसांचे २२ हजार! एकच नर्स तोच किट घालून दहा पेशंट बघते, मग प्रत्येकाच्या बिलात पूर्ण किट कसा? आम्ही बिल तपासणीसाठी अर्ज दिला. खेटे घातले. शेवटी ३१ हजार परत मिळाले. त्यात दोन बांगड्या सुटल्या. दोन गेल्या त्या गेल्याच, आणि मुलीचा डी. फार्मसीचा प्रवेश एक वर्ष पुढे गेला.

तेव्हा वहिनींनी मला एक प्रश्न विचारला. "ताई, सरकारी दवाखाना धड असता तर माझ्या बांगड्या राहिल्या असत्या का हो?"

प्रश्न साधा वाटतो. पण मी त्यावर बरंच वाचलं, लोकांना विचारलं. तेच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

दवाखान्यालाही संसार असतो

आधी दुसरी बाजू ऐकू या. धुळ्याला माझी एक कॉलेजची मैत्रीण आहे. तिचे मिस्टर सर्जन, पंधरा खाटांचं छोटं हॉस्पिटल. ती म्हणाली, "तुला वाटतं कोरोनात सगळ्या डॉक्टरांनी बंगले बांधले. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे चिटपाखरू नव्हतं. हर्निया, मूतखडा, मोतीबिंदू, सगळी ऑपरेशनं लोकांनी पुढे ढकलली. नर्सचे पगार मात्र द्यायचेच, मशीनचा हप्ता थांबत नाही, लाइटबिल थांबत नाही."

ती खोटं बोलत नव्हती. दवाखान्याचा खर्च आपल्या घरभाड्यासारखा असतो. घरात पाहुणे आले काय, न आले काय, भाडं तेवढंच. खाटा रिकाम्या राहिल्या की तोटा, भरल्या की नफा. आणि दवाखान्याचा खरा पैसा येतो तो आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनांतून. नेमकी तीच पहिल्या लाटेत बंद पडली. अपोलो, फोर्टिस यांसारख्या शेअर बाजारातल्या मोठमोठ्या हॉस्पिटल कंपन्यांनीही एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत तोटा दाखवला.

पण पुढच्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, त्याच तीन महिन्यांत त्याच कंपन्या नफ्यात होत्या. असं कसं झालं? एक तर खाटा भरल्या. इतर आजारांचे पेशंटही परतू लागले होते. आणि माणूस श्वासासाठी तडफडत असताना कोणती बाई म्हणेल, की थांबा, मी दुसऱ्या दुकानात भाव विचारून येते? भाजी घेताना आपण चार ठिकाणी फिरतो. दवाखान्यात घासाघीस होत नाही.

दर ठरले, पण फट राहिली

महाराष्ट्र सरकारने २१ मे २०२० ला मोठा निर्णय घेतला होता. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारच्या दरात. साध्या वॉर्डला दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार.  पुढे चाचणीचे आणि सीटी स्कॅनचे दरही बांधले. सुरुवातीला साडेचार हजारांना होणारी आरटी-पीसीआर मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांवर आली!

मात्र पीपीई किट, महागडी औषधं आणि मोठ्या तपासण्या खाटेच्या दरातून बाहेर ठेवल्या होत्या. जिथे दर बांधला तिथे पैसा कमी झाला आणि जिथे बांधला नव्हता तिथून तो निघाला. वहिनींच्या बिलात मी तेच पाहिलं. जन आरोग्य अभियान या संघटनेने राज्यातल्या रुग्णांच्या बिलांची पाहणी केली, तेव्हा जादा आकारणीच्या तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या. त्यात कितीतरी बायका अशा होत्या की नवरा गेला आणि मागे बिलाचं कर्ज उरलं.

दुसरी चूक म्हणजे जळगाव-धुळ्याला आणि मुंबईला एकच दर! मुंबईतल्या जागेचं भाडं आणि आमच्याकडचं भाडं सारखं असतं का? १ जून २०२१ ला ही चूक दुरुस्त झाली. शहरांचे तीन गट केले. जिल्ह्याच्या ठिकाणी वॉर्डचा दर ३ हजार, आयसीयूचा साडेपाच हजार, व्हेंटिलेटरसह ६ हजार ७०० झाला. पण तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती. वहिनींच्या बांगड्या तर कधीच गेल्या होत्या.

बाहेरच्या देशांत काय झालं? ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्येच तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने खासगी रुग्णालयांच्या जवळपास ८ हजार खाटा नुसत्या खर्चाच्या दरात, नफा न देता घेतल्या. तिथे हे जमलं, कारण घासाघीस करणारी सरकारी यंत्रणा मुळातच मोठी होती. घरात स्वतःचं धान्य असलं की दुकानदाराशी ताठ मानेने बोलता येतं, तसंच आहे हे.

'सिव्हिल'ची भीती

आता आपल्या घरातलं धान्य बघू. धुळ्याला हिरे वैद्यकीय महाविद्यालय कितीतरी वर्षांपासून आहे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं ते २०१८ मध्ये. कोरोना आला तेव्हा ते जेमतेम दोन वर्षांचं होतं. मनुष्यबळ अपुरं आणि संकट केवढं मोठं!

जून २०२० मधली ती घटना जळगावची कोणतीही बाई विसरलेली नसेल. उपचारासाठी दाखल केलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी बेपत्ता झाल्या आणि आठवडाभराने त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठातांसह काही जण निलंबित झाले. पुढे तिथली व्यवस्था सुधारली, अनेक जण तिथूनच बरे होऊन घरी आले, हेही सांगितलं पाहिजे. पण मनात बसलेली भीती लवकर जात नाही. आमच्या गटातल्या एकीने तर शेत गहाण ठेवलं, पण सासऱ्यांना सिव्हिलला नेलं नाही.

सरकारी दवाखान्याची अशी भीती वाढली की खासगी दवाखान्याला वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

हे काही एका दिवसात झालेलं नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं, की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०१० पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २ टक्के करू. २०१७ च्या धोरणात म्हटलं, २०२५ पर्यंत अडीच टक्के करू. प्रत्यक्षात कोरोनाच्या ऐन भरात, २०२१-२२ मध्ये, तो १.८४ टक्के होता. म्हणजे महामारीतही २०१० चं वचन पुरं झालं नाही! सुधारणा झाली, नाही असं नाही. २०१३-१४ मध्ये आजारपणाच्या दर शंभर रुपयांतले ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून घालत होते, ते २०२१-२२ मध्ये ३९ वर आले. पण हे ३९ रुपये येतात कुठून? कधी बाईच्या हातातून, कधी गळ्यातून, तर कधी मुलीच्या शिक्षणातून.

नंदुरबारचा धडा

आणि आपल्याच खानदेशात याच्या उलट चित्रही दिसलं. नंदुरबार हा आदिवासी जिल्हा, कायम मागास म्हणून हिणवलेला. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, स्वतः डॉक्टर. पहिल्या लाटेतच त्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प उभा केला. सप्टेंबर २०२० मध्ये तो मिनिटाला ६०० लिटर ऑक्सिजन देऊ लागला. पुढे आणखी प्रकल्प आले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीसारख्या शहरात लोक सिलिंडर घेऊन धावत होते, तेव्हा नंदुरबारला पुरेसा ऑक्सिजन होता.

संकट येण्याआधी खर्च केलेला सरकारी पैसा असा उपयोगी पडतो. आपण पावसाळ्याआधी पापड-कुरडया करून ठेवतो, तसंच ते आहे. ऐन पावसात करायला बसलं तर काय वाळणार?

लशीचंही आठवा. मे २०२१ पासून खासगी रुग्णालयांसाठी २५ टक्के लस राखून ठेवली होती. तिथे कोव्हिशील्डचा कमाल दर ७८० रुपये ठरला. पण सरकारी केंद्रावर तीच लस फुकट मिळते म्हटल्यावर आपण सगळ्या पंचायतीच्या, शाळेच्या रांगेतच उभ्या राहिलो ना? देशभरात खासगीचा तो वाटा पुरता उचललाच गेला नाही. सरकारी सोय चांगली असेल तर खासगीला भाव वाढवता येत नाही, याचं हे घरोघरचं उदाहरण.

योजनेचा पैसा

सरकार आणखी एका मार्गाने पैसा खर्च करतं. स्वतःचा दवाखाना बांधण्याऐवजी खासगी दवाखान्याला पेशंटचे पैसे देतं. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत झाली, त्यात आपलं धुळे होतं. मे २०२० मध्ये ती राज्यातल्या सगळ्यांना लागू केली. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर नेली.

योजना चांगलीच आहे. अनेकींच्या घरचे लोक तिच्यामुळे वाचले. पण धुळ्याची मैत्रीण म्हणते, "दर कमी आणि पैसे हातात यायला उशीर. छोट्या दवाखान्याला ते झेपत नाही." म्हणून जवळचा दवाखाना योजनेत नसतो आणि जो असतो तो लांब असतो. शिवाय तिथे जाऊन "योजनेत बसत नाही" हे वाक्य ऐकावं लागतं ते वेगळंच. माझं मत विचाराल तर योजना असावी, पण सिव्हिल आणि तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय सुधारण्याच्या ऐवजी नव्हे, तर त्याच्या जोडीला.

आपण काय करायचं?

आम्ही गटाच्या बैठकीत काही गोष्टी पाठच करून घेतल्या आहेत. तुम्हीही करा.

राज्यात २०२१ पासून नियम आहे, की नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची. गेल्या गेल्या भिंतीवर ती शोधा, नसेल तर विचारा.

बिल एकरकमी नको, बाबवार मागा. रोजच्या रोज मागितलं तर आणखी चांगलं. औषधाची पावती फेकू नका.

पैसे बाकी आहेत म्हणून मृतदेह अडवून ठेवणं रुग्ण हक्कांच्या विरोधात आहे. हे प्रत्येकीला माहीत हवं.

ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आजारपण येण्याआधीच तयार ठेवा.

योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो. काउंटरवर पैसे भरण्याआधी त्याला गाठा.

आणि शेवटची गोष्ट, जी आपण कधीच करत नाही. ग्रामसभेत रस्ता, गटार, दिवे यांवर आपण बोलतो. तसंच आरोग्य केंद्रात डॉक्टर किती दिवस येतो, रुग्ण कल्याण समितीचा पैसा कुठे गेला, हेही विचारा. आमच्या गटाने एका गावात विचारलं, तर नुसत्या विचारण्याने बंद पडलेलं बाळंतपणाचं टेबल दुरुस्त झालं!

परवा वहिनी भेटल्या. मुलीचं डी. फार्मसी पूर्ण झालं, मेडिकल स्टोअरवर नोकरी लागली. पहिल्या पगारात तिने आईला बांगड्या घेतल्या, पण काचेच्या. वहिनी हात पुढे करून दाखवत होत्या आणि हसत होत्या. मला मात्र त्यांचा तो जुना प्रश्न आठवत होता. त्याचं उत्तर आता मी देऊ शकते. हो वहिनी, सगळ्या नाही, पण बऱ्याचशा राहिल्या असत्या.