पणजीच्या माहेरचं नाव

आपल्या घराण्यात १८५५ साली कुणीतरी जन्मलेलं असावं, निदान मेलेलं तरी असावं, अशी आस धरणारी माणसं जगात आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे पांगलेले हे स्कॉटिश वंशाचे लोक. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली, आणि नव्याच्या उत्साहात सरकारने काय काय विचारलं! जन्माच्या नोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, त्यांतली हयात किती. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या मुलांची नावं, वयंसुद्धा. एवढं लिहिता लिहिता निबंधक मेटाकुटीला आले आणि पुढच्याच वर्षी बरेच रकाने गळाले. म्हणून त्या एका वर्षाचं एवढं अप्रूप.

एक रकाना मात्र टिकला. मृत्यूच्या नोंदीत आई आणि वडील दोघांची नावं, तीही आईच्या माहेरच्या आडनावासकट. शेजारच्या इंग्लंडमधल्या जुन्या मृत्युदाखल्यात आईचा पत्ताच नसतो. स्कॉटिश रिवाजात लग्नामुळे बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नसे. कागदोपत्री राही, थडग्याच्या दगडावरही राही. सासरी आल्यावर आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा हेवाच वाटावा. आपल्या कितीतरी वंशावळींत बाप, आजोबा, पणजोबा ओळीने उभे असतात. त्यांना जन्म देणाऱ्या बायका जणू नव्हत्याच. तिकडे १८५७ साली ऐंशीव्या वर्षी वारलेल्या म्हातारीचा दाखला हाती आला की तिच्या आईचं माहेर कळतं. एकाच उडीत माणूस अठराव्या शतकात. चटक लागते ती इथे. (हा तपशील बहुधा एखाद्या जावयाने सांगितलेला असतो आणि त्याने त्या आजेसासूला कधी पाहिलेलं नसतं, हे नंतर लक्षात येतं. तोवर उशीर झालेला असतो.)

हे सगळं आता घरबसल्या होतं. एडिंबरामध्ये प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला रॉबर्ट अ‍ॅडमने आराखडा केलेली घुमटाची इमारत आहे. तिथलं दफ्तर ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आलं आहे. शोध फुकट, पण नोंदीची प्रतिमा उघडायची तर क्रेडिट विकत घ्यायची. रात्री अकरा वाजता ‘आणखी एकच’ म्हणत किती जणांनी ती उधळली असतील, देव जाणे.

१८५५च्या मागे गेलं की लागतात चर्चच्या वह्या. सर्वांत जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ सालची. जुनं वळण इतकं गुंतलेलं की मोडी वाचणाऱ्यालाच त्या वाचकाचे हाल कळतील. शिवाय नोंद सक्तीची नव्हती. १७८३ साली सरकारने दर नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. कित्येकांनी नोंद करणंच सोडलं. १८४३ साली चर्च फुटलं, सुमारे एक तृतीयांश धर्मगुरू बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून गेलेली कुटुंबं जुन्या वहीतून नाहीशी झाली.

आणि नावं! पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या आपल्याला हे नवं नाही. पण चार भावांनी हा रिवाज पाळला की एकाच गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ. बकीसारख्या किनाऱ्यावरच्या कोळीवस्त्यांत तर मोजक्या आडनावांतच सगळं गाव. तिथे ‘टी-नेम’ नावाचं टोपणनाव जोडल्याशिवाय माणूस ओळखू येत नसे. शिवाय एका नोंदीतल्या जेनेटची दुसरीकडे जेसी होते, ती वेगळीच.

पुरुषांचीही नावं बदलत. बॅन्फ गावी जन्मलेला कॅप्टन जेम्स ग्रँट साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी होता. मायदेशी परतल्यावर आईच्या माहेरची ईडनची इस्टेट मिळाली, म्हणून त्याने आजोळचं आडनाव जोडलं. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापून आला तो ग्रँट डफ या नावाने. साताऱ्याच्या कागदांत ‘डफ’ शोधत बसणारा रिकाम्या हाताने परतेल. मुंबई इलाख्यात वारलेले त्याचे सामान्य देशबांधव मात्र लंडनमध्ये सापडतात: इथल्या बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या नोंदींच्या प्रती तिकडे जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

बहुतेक जण या नादाला लागतात ते टार्टन आणि टोळीप्रमुखाच्या ओढीने. आडनावागणिक ठरलेलं चौकड्यांचं कापड ही गोष्ट मुख्यतः १८२२च्या आसपासची. त्या वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट उभा केला. सखल भागातल्या पूर्वजाने किल्ट कधी नेसलाही नसेल. किल्ला शोधायला निघालेल्याला बहुधा सापडते शेतावर राबणारी अविवाहित मुलगी, जिच्या बाळाच्या नोंदीत बापाचा रकाना कोरा आहे.

माझ्या मते खरा गुंता, आणि खरी गोडी, त्या कोऱ्या रकान्यातच आहे. नोंदीच्या समासात एखादा आकडा असला तर तो दुरुस्ती-नोंदवहीकडे नेतो; कोर्टाने बाप ठरवला असेल तर त्याचं नाव तिथे मिळतं. ती मुलगी ग्लासगोची असेल तर तिने मदतीसाठी केलेला अर्ज तिथल्या मिचेल लायब्ररीत असू शकतो: खोली कुठली, आईबाप कोण, मुलं किती, सारं तपासनिसाने टिपलेलं. आणि त्याआधीच्या काळात ‘कर्क सेशन’, म्हणजे गावच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांची पंचायत. मूल पोसायचा भार गावावर पडू नये म्हणून ही मंडळी मुलीला समोर उभं करून बापाचं नाव काढून घेत, पुन्हा पुन्हा बोलावत, आणि सगळं इमानेइतबारे लिहून ठेवत. त्यांच्या चौकसपणाने जिचा छळ झाला, तिचं जगणं त्याच चौकसपणामुळे कागदावर उरलं.

कर्क सेशनच्या वह्यांच्या प्रतिमा त्याच संकेतस्थळावर २०२१पासून फुकट पाहता येतात. नावांची सूची मात्र नाही. आपली जेनेट ज्या पानावर असेल ते येईपर्यंत साऱ्या गावाची भांडणं, दारू, रविवारी केलेली कामं वाचत जायचं. दोन तासांनी कळतं, आपण आठव्या पानापासून शेजारच्या लोहाराच्या खटल्यातच अडकलो आहोत, आणि त्याचा निकाल पुढच्या खंडात आहे.