बोटाएवढा स्टड आणि मिस्त्रीची सबुरी

अख्खे इंजिन उतरवून पुन्हा चढवणारा मिस्त्री एका बोटाएवढ्या स्टडपुढे हात टेकतो, हे गॅरेजच्या धंद्यात नवे नाही. ट्रकच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड बदलण्याचे काम वरून किरकोळ दिसते. पण ते बिघडले तर महिन्याची कमाई जाते. या कामात आम्ही पदरचे पैसे घालवून जे शिकलो, ते गॅरेज चालवणाऱ्या तरुणांपुढे ठेवीत आहोत.

आमचे गॅरेज कोकणात. रत्नागिरीहून मासे घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. घाट चढताना इंजिनातून निघणारा धूर सहाशे अंश सेल्सिअसच्याही वर जातो. बिडाचा मॅनिफोल्ड तापला की लांबीत वाढतो, निवला की आखडतो. ही ओढाताण दोन्ही टोकांच्या स्टडना सर्वांत जास्त सोसावी लागते, म्हणून बहुधा तेच आधी तुटतात. त्यात खारी हवा आणि पावसाचे शिंतोडे पडले की नट आणि स्टड गंजून एकजीव होतात.

दुखणे कसे ओळखावे?

सकाळी थंड इंजिन सुरू करताच टक-टक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो. मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर काजळी दिसते. टर्बोच्या गाडीत पिकअप कमी होतो, डिझेल जास्त लागते. पुष्कळ चालक याकडे दुर्लक्ष करतात. पण गळणारा धूर केबिनमध्ये शिरला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. त्याला वास नसतो. केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी माशांच्या एका गाडीचा टोकाचा स्टड आमच्या हातून हेडच्या आतच तुटला. संध्याकाळपर्यंत गाडी देण्याचे कबूल केले होते. घाईत ड्रिलचे भोक वाकडे पडले. त्यात ईझी-आउट घालून जोर लावला, तर तोही आत तुटला. त्याचे पोलाद इतके कडक असते की साधे ड्रिल त्यावर नुसते घसरते. अखेर हेड उतरवून मोठ्या वर्कशॉपला पाठवावे लागले. गाडी चार दिवस उभी राहिली. मजुरी मागायला तोंड उरले नाही; उलट वर्कशॉपचे बिल आम्हीच भरले.

योग्य पद्धत

आदल्या रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडावा. हलला नाही तर गॅसने नट तापवावा, स्टड नव्हे. जवळचे डिझेलचे पाइप आणि वायरी आधी झाकाव्यात, वाळूची बादली जवळ ठेवावी.

स्टड तुटून थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर वॉशर आणि नट बसवून आतून वेल्डिंग करावे. त्या उष्णतेने आट्यांतला गंज सुटतो. जरा निवल्यावर पान्याने हळूहळू मागेपुढे करीत स्टड काढावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची कनेक्शन काढावीत. आताच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोल युनिट असतात, त्यांचे नुकसान स्टडच्या शंभरपट महाग पडते.

स्टड आतच तुटला असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलने सुरुवात करावी आणि पायरीपायरीने भोक वाढवावे. उलट्या फिरणीचे ड्रिल मिळाले तर उत्तम. कित्येकदा स्टड त्याच्याबरोबरच बाहेर येतो. नंतर टॅप फिरवून आटे साफ करावेत. आटे गेले असतील तर हेलिकॉइल बसवावी.

नवा स्टड उष्णता सोसणाऱ्या पोलादाचाच घ्यावा. नुसत्या मापाला बसतो म्हणून बाजारातला साधा बोल्ट लावू नये; उष्णतेने तो ढिला पडतो. मॅनिफोल्डचा फेस पट्टीने तपासावा, वाकडा असेल तर घासून घ्यावा. फेस वाकडा ठेवला तर नवे स्टडही तुटणारच. गॅस्केट नवीन टाकावे. इंजिन थंड असताना, मधून टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच नट आवळावेत.

हिशेब आधी

तांत्रिक चुकीपेक्षा आमचा मोठा दोष होता तो बोलण्यातला. गंजलेला स्टड तुटू शकतो, हे आम्ही मालकाला आधी सांगितलेच नव्हते. आता आम्ही पान्याला हात लावण्यापूर्वी जॉब कार्डावर दोन रकमा लिहितो: सर्व स्टड सरळ निघाले तर अमुक मजुरी, आणि तुटलेल्या प्रत्येक स्टडमागे अमुक जादा. वेळही तशीच, एका दिवसाचे काम दोन दिवसांवर जाऊ शकते, हे स्पष्ट सांगतो. एक तुटला असेल तर संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला देतो. काही गिऱ्हाइके हे ऐकून दुसरीकडे जातात. त्यांतली बरीच पुढच्या वेळी परत येतात.

दुसऱ्याची गाडी ही त्याची रोजीरोटी असते. ती आपल्या दारात उभी आहे तोवर घाई आपल्याला परवडत नाही आणि लपवाछपवी तर मुळीच नाही.