निर्यातीच्या खात्यावरील मोटार

जी मोटार इंग्लंडात, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेल्या एका गावी तयार झाली, ती पन्नासहून अधिक वर्षांनंतर पुन्हा इंग्लंडातच आणावयाची म्हटले तर ती परदेशी माल ठरते, तिच्यावर कर बसतो आणि तिचे वय व कुलशील सिद्ध करणारे दस्तऐवज हजर केल्यावाचून तिला रस्त्यावर चाक टेकविता येत नाही, ही हकीकत आमच्या संपादकांच्या कानावर कोठून तरी आली आणि दिवाळी अंकाच्या निमित्ताने त्यांनी मला तिच्या मागे लावून दिले. मोटारींचे वेड लागलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांच्यापासून चार हात दूर राहण्यातच शहाणपण मानीत आलो आहे. तथापि ऑक्सफर्डशायरमधील एका लहानशा कारखान्यात १९६९ सालच्या एका एमजीबीच्या पोटाखाली उताणा पडलेला जो वृद्ध कारागीर मला भेटला, त्याच्या सहवासात माझा हा अलिप्तपणा फार काळ टिकला नाही.

एमजी ही अक्षरे मॉरिस गॅरेजेस या पेढीची. तिचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या, संसारी मोटारींच्या सांगाड्यावर चपळ अंगाच्या मोटारी उभ्या करण्याचा उद्योग आरंभिला, १९२९ साली तो ॲबिंग्डन येथे एका चर्मोद्योगाच्या आवारात नेला, आणि १९४१ साली त्याच उद्योगातून त्याला बाहेर पडावे लागले. १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे-अपघातात त्याचा अंत झाला. अधिकृत इतिहासग्रंथ या ठिकाणी बराच वेळ रेंगाळतात. आपण पुढे जाऊ.

महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटन विजयी होते आणि कर्जबाजारीही होते. कारखान्यांना पोलाद मिळे ते शिधावाटपाने, आणि कोणाच्या पदरात किती पोलाद पडावयाचे हे, तो कारखानदार किती माल परदेशी रवाना करून डॉलर मिळवितो, यावर ठरे. अशा काळात एमजीची टीसी ही, दिसण्यात युद्धपूर्व आणि चालण्यात हाडे खिळखिळी करणारी, मोटार अमेरिकेत गेली. ती केवळ उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची होती, अमेरिकेत रहदारी रस्त्याच्या उजव्या अंगाने चाले, आणि तरीही तेथील तरुणांनी ती उचलून धरली. १९४९ साली पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० वर उतरविण्यात आले, त्याने या व्यापाराला आणखी बळ मिळाले. पुढे सिड एनेव्हर या इंजिनियराच्या देखरेखीखाली एमजीबी अवतरली. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी ॲबिंग्डनच्या दारातून बाहेर पडल्या, आणि त्यांतील उघड्या टपाच्या गाड्यांचा फार मोठा हिस्सा अटलांटिकपार गेला. सांगाडा स्विंडनहून यावयाचा, इंजिन कॉव्हेंट्रीहून, आणि ॲबिंग्डनच्या कामगारांनी अर्धवट जुळविलेली गाडी हातांनी ढकलीत पुढच्या ठाण्यावर न्यावयाची, असा तो कारखाना होता. आपल्याकडील वाचकांना येथे एक सोयरिक सांगण्यासारखी आहे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसिडरने वर्षानुवर्षे वाहिलेले १४८९ सीसीचे इंजिन ही एकाच घराण्यातील सख्खी भावंडे होत. ज्या मिस्त्रीने मुंबईत ॲम्बॅसिडरचे हेड उतरविले असेल, त्याला ॲबिंग्डनच्या या रूपवतीचे झाकण उघडल्यावर परके वाटू नये. १९७९ च्या सप्टेंबरात कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले आणि पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो बंद झाला.

आता या गाड्या परत कशासाठी आणावयाच्या? इंग्लंडात एमजीबी दुर्मिळ नाही. परंतु हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात, वर्षभर हवेत ओल असते, आणि या गाडीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींस जोडून जो कवचासारखा देह बनविला आहे तोच सगळा भार वाहतो. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात याच गाडीचे आसन उन्हाने फाटते, डॅशबोर्डला तडे जातात, रबराचा चुरा होतो. परंतु पत्रा शाबूत राहतो. आसन नवे शिवता येते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे हे मात्र सोपे काम नव्हे, आणि म्हणून ब्रिटिश शौकीन मनुष्य आपल्याच देशाची गाडी वाळवंटात शोधावयास जातो.

कारागिराने मला प्रथम दाखविली ती दाराखालची सिल. बाहेरून ती एक साधी पट्टी दिसते. आत एकामागे एक असे तीन पत्रे असतात, बाहेरचा, मधला पडदा आणि आतला, आणि त्यांच्या तळाशी कॅसल-रेल नावाचा कंगोरेदार पत्रा. गाडीचे टप उघडे असल्यामुळे पुढचे धड आणि मागचे धड यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम मुख्यतः या दोन सिलांवर येते. फसवी दुरुस्ती करणारा बाहेरच्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकून वर रंग देतो आणि आतला मधला पडदा गंजून भुगा झालेला असतो. म्हणून म्हातारा सिलकडे पाहण्यापूर्वी दाराकडे पाहतो: दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की वर चिंचोळी होत गेली आहे? चिंचोळी असेल तर गाडी कमरेत वाकली आहे. सिल बदलताना तो दारे काढीत नाही. दारे जागेवर ठेवूनच कापतो आणि जोडतो, कारण देह किंचित जरी खचला तरी ती दारे पुन्हा कधी लागावयाची नाहीत. या १९६९ च्या गाडीच्या सिलवर त्याने छोट्या हातोडीने टोकाटोकाला ठोकून पाहिले आणि प्रत्येक ठोक्याला पत्र्याने खणखणीत जबाब दिला.

परंतु माझे मन जडले ते कार्बोरेटरवर. पादत्राणांच्या व्यापारात नाव मिळविलेल्या स्किनर घराण्यातील बंधूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो काढला. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. आरंभीच्या नमुन्यात धातूच्या दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता होता, यात घराण्याचा धंदा स्पष्ट उमटलेला दिसतो. रचना अशी: एका घुमटाखाली एक दट्ट्या लोंबतो, दट्ट्याच्या तळाला निमुळती पितळी सुई असते आणि ती पेट्रोलच्या नळीत, म्हणजे जेटमध्ये, उतरलेली असते. इंजिन हवा ओढू लागले की घुमटात विरळपणा येतो, दट्ट्या वर सरकतो, हवेची वाट रुंदावते, आणि त्याच क्षणी सुईही वर उचलली जाऊन तिचा बारीक भाग जेटच्या तोंडाशी आल्यामुळे पेट्रोलची वाटही त्या मानाने मोकळी होते. इंजिनला जेवढी हवा हवी तेवढी त्याने स्वतः मागून घ्यावी आणि पेट्रोलने त्या हवेचे प्रमाण राखावे, ही व्यवस्था मला फार सुसंस्कृत वाटली. दट्ट्याने एकदम उसळी मारू नये म्हणून त्याच्या डोक्यावरील पोकळीत थोडे पातळ तेल असते. ते आटले की गाडी ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते, आणि अनभिज्ञ मालक इंजिन उघडून बसतो.

एमजीबीत असे दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी बसविलेले आहेत, आणि एवढ्यावरूनच सगळी पंचाईत उद्भवते. एकाचा घुमट दुसऱ्यावर चढविला तर सोवळे मोडते. प्रत्येक दट्ट्या आपल्याच घुमटाशी जुळविलेला असतो. म्हाताऱ्याने घुमट काढून आतून पुसला, दट्ट्या बोटाने उचलून सोडला आणि तो खाली बसताना कट् असा स्पष्ट आवाज आला तेव्हाच मान हलविली. आवाज बोथट आला असता तर सुई जेटला घासत आहे असे समजावयाचे. मग त्याने इंजिन चालू केले, रबरी नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाशी आणि दुसरे टोक एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरले, नंतर दुसऱ्याच्या. दोन्ही ठिकाणची हवेची सळसळ सारखी ऐकू येईपर्यंत तो स्क्रू फिरवीत राहिला. त्यानंतर मिश्रणाची परीक्षा. दट्ट्या अगदी नखभर उचलावयाचा: इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरगळले तर कमी, आणि क्षणभर चढून पुन्हा पूर्वपदावर आले तर योग्य. जेटखालचा षट्कोनी नट तो एका वेळी एकच पैलू फिरवी, मग पुन्हा ऐके. नव्या मोटारीत हे सारे काम यंत्रगणक करतो आणि निःसंशय अधिक अचूक करतो. परंतु तो कोणाला काही ऐकू देत नाही.

अडचणींची यादी या गाडीच्या मालकाने मला तोंडपाठ म्हणून दाखविली. अमेरिकेतून गाडी हलवावयाची तर तिच्या मालकीचा मूळ दाखला, ज्याला तिकडे टायटल म्हणतात, आणि खुद्द गाडी ही दोन्ही जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधी तेथील जकात अधिकाऱ्यांपुढे रुजू व्हावी लागतात. बॅटरी सोडवून आणि टाकीत पेट्रोल नाममात्र ठेवून गाडी कंटेनरमध्ये, बहुधा आणखी दोन-तीन गाड्यांच्या संगतीने, जखडली जाते. पश्चिम किनाऱ्यावरून पनामा कालव्यावाटे ब्रिटिश बंदर गाठीपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. ब्रिटनमध्ये उतरल्यावर खरा प्रश्न येतो तो वर्गवारीचा. किमान ३० वर्षांची, मूळ स्थितीतील, चासी, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली आणि जिचे उत्पादन बंद झाले आहे अशी गाडी ऐतिहासिक संग्रहवस्तू गणली जाते. तिला आयात-जकात माफ आणि मूल्यवर्धित कर केवळ ५ टक्के. वर्ग नामंजूर झाला तर १० टक्के जकात आणि त्यावर २० टक्के कर. गाडी, भाडे व विमा मिळून १०,००० पौंड धरले, तर पहिल्या हिशेबाने ५०० पौंड आणि दुसऱ्या हिशेबाने ३,२०० पौंड भरावे लागतात. हा फरक एका कारकुनाच्या समजुतीवर अवलंबून असावा, ही गोष्ट मालकाची झोप उडविण्यास पुरेशी होती.

करभरणा झाला. मग गाडी आल्यापासून १४ दिवसांच्या मुदतीत महसूल खात्याला वर्दी द्यावयाची. ती दिल्याखेरीज नोंदणी खाते अर्जाकडे पाहत नाही. अर्जासोबत गाडीच्या जन्मसालाचा पुरावा लागतो, आणि तो मिळतो गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दप्तरातून. ॲबिंग्डनच्या जुन्या नोंदवह्या तेथे जतन केल्या आहेत. फी भरली की गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, मूळ रंग कोणता, कोणत्या बाजारपेठेसाठी धाडली, याचा दाखला देतात. या गाडीचा क्रमांक ‘जीएचएन४यू’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि त्यातील ‘यू’ म्हणजे युनायटेड स्टेट्स. जन्मतःच परदेशाच्या खात्यावर लिहिलेली. तयार होण्याची तारीख १९६९ च्या वसंतातील, म्हणजे तिला त्या काळचा ‘जी’ अक्षराने संपणारा नंबर मिळावयास हवा. चाळिशी उलटल्यामुळे रस्ता-कर माफ, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. येथपर्यंत सगळे सुरळीत होते.

घोटाळा अमेरिकन दाखल्यात निघाला. पूर्वी कधीतरी तो नव्याने काढताना कोणा कारकुनाने गाडीच्या क्रमांकातील ३ च्या जागी ८ लिहिला होता. पाटीवर तीन, गेडनच्या दाखल्यात तीन, टायटलवर आठ. नोंदणी खात्याने अर्ज परत पाठविला आणि खुलासा मागविला; खुलाशासाठी मालकाने अमेरिकेतील विक्रेत्याला लिहिले; विक्रेता म्हणतो, गाडी देशाबाहेर गेल्यावर तेथील कार्यालय दुरुस्ती करण्यास नाखूश आहे. कारखान्याचे भाडे दरमहा चढते आहे. इंग्लंडात २०२१ पासून सामान्य पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून त्या सगळ्या बदलून झाल्या आहेत. लवकरच रस्त्यांवर मीठ पडू लागेल आणि गाडीला नंबर मिळाला तरी वसंतापर्यंत ती बाहेर काढण्यात अर्थ राहणार नाही.

शिवाय स्टिअरिंगचा वाद आहे. मालकाला ते उजवीकडे हवे. तशी सोय देहात आहे. पेडलच्या पेटीसाठी भोके दोन्ही बाजूंना पाडलेली असतात आणि रिकाम्या बाजूवर झाकण असते. परंतु स्टिअरिंगचा रॅक, दांडा, तीन वायपरांची अमेरिकन मांडणी, आणि तेथील सुरक्षा-नियमांपायी बसविलेला गादीसारखा जाड डॅशबोर्ड, एवढे सगळे काढून टाकावे लागेल. म्हाताऱ्याला हे मुळीच पसंत नाही. गाडी डावीकडूनच चालविण्यासाठी ॲबिंग्डनच्या माणसांनी जुळविली होती, असे त्याचे म्हणणे, आणि मलाही ते पटते. अर्धशतक वाळवंटात ज्या बाजूने ती चालली ती बाजू पुसून टाकण्याचा अधिकार केवळ किंमत मोजल्याने येत असेल, असे मला वाटत नाही. शिवाय मूळ स्थितीतील म्हणून जिच्यावर सवलतीचा कर घेतला, तिची मूळ स्थिती कागद पुरे होण्याआधीच मोडणे मालकालाही प्रशस्त वाटत नाही. तूर्त त्याने नंबर हाती पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये अशी ताकीद दिली आहे, आणि त्याने दिलेल्या आजवरच्या सूचनांपैकी हीच एक म्हाताऱ्याने मुळीच हुज्जत न घालता मान्य केली आहे.