पट्टकादंबांचे उन्हाळी घर

हिवाळ्यात पैठणजवळ जायकवाडी जलाशयाच्या काठी चरणारे राखी हंस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे ही त्यांची खूण. म्हणूनच त्यांना पट्टकादंब म्हणतात. उन्हाळा लागला की ते दिसेनासे होतात. मग ते जातात कुठे?

मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी त्यांची वीण होते. लडाखमधील त्सो मोरीरी हे त्यांपैकीच एक. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे हे सरोवर हिवाळ्यात गोठते. उन्हाळ्यात मात्र बर्फ वितळून काठच्या दलदलीत कोवळे गवत उगवते आणि पिलांना भरपूर चारा मिळतो.

या उंचीवरही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांहून कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. आपल्याला थोडे चालले तरी धाप लागते. पट्टकादंबाचे हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चटकन पकडते. तो खोल श्वास घेतो आणि त्याच्या उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-नोंदींत एक पक्षी ७,२९० मीटरपर्यंत पोचलेला आढळला. तरीही बहुतेक प्रवास ५,५०० मीटरच्या खालीच होतो. शक्ती वाचवण्यासाठी ते जमिनीच्या चढउतारांना धरूनच उडतात.

विरळ हवेवर मात करणारा हा पक्षी माणसापुढे मात्र हतबल ठरतो. त्याचे घरटे जमिनीवर असते. याच परिसरातील काळ्या मानेच्या क्रौंचाचेही तसेच. तो बहुधा दोनच अंडी घालतो. छायाचित्रासाठी कोणी फार जवळ गेले की पक्षी उठतो आणि अंडी गारठतात. पर्यटकांच्या उष्ट्याखरकट्यावर पोसलेली भटकी कुत्री अंडी-पिले फस्त करतात. २००२ साली त्सो मोरीरीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण घरट्यापासून दूर राहण्याचे भान पाहणाऱ्यालाच ठेवावे लागते.

ही सवय आपण जवळच्या तलावावरच लावू शकतो. विद्यार्थ्यांना दुर्बीण द्यावी आणि पक्षी मान वर करून सावध झाले की तिथेच थांबायला सांगावे. पहिला आणि शेवटचा थवा कोणत्या तारखेला दिसला, संख्या किती, हे दरवर्षी वहीत लिहावे. मंगोलियात मानेत क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतात दिसले आहेत. असा क्रमांक दुरूनच वाचता आला, तर शाळेच्या वहीतील ती एक ओळही संशोधकांच्या उपयोगी पडेल.