ठुमरीचा मुखडा आणि कथेचा कणा

काशीच्या पंचगंगा घाटावरून वर चढून दाटीवाटीच्या बोळांत शिरले, म्हणजे मंगला गौरीचे देवालय लागते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या साऱ्या टापूत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. जवळच्याच बालाजी मंदिराच्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी कोवळ्या वयात सनईचा रियाज केला, आणि रियाजाला जाताना रसूलनबाई व बतूलनबाई या भगिनींच्या घरावरून जाणारी वाट ते हौसेने धरीत, कारण त्या घरातून कधी ठुमरी, कधी टप्पा, तर कधी दादरा कानी पडे. संगीताची पहिली ओढ आपल्याला या दोघींच्या गाण्याने लागली, हे त्यांनी पुढे कृतज्ञतेने सांगितले आहे.

सनई वाजविणाऱ्याने गाणे ऐकून शिकावे, हे स्वाभाविकच आहे. पण ज्याच्या हाती सूर नाही आणि ज्याचा सारा व्यवहार मुक्या अक्षरांशी, त्या कथाकाराला श्रवणातून काय लाभते? चित्तवृत्ती उल्हसित होतात आणि लेखणीला वेग येतो, असे उत्तर बहुधा दिले जाते. मला ते अपुरे वाटते. बनारसी ठुमरीचा बोलबनाव लक्षपूर्वक ऐकावा. गायिकेजवळ शब्द मोजकेच असतात. तीच ओळ ती पुनःपुन्हा घेते, आणि स्वरांची मांडणी पालटताच त्या ओळीतला एखादा साधा शब्द आधी विनवणी होतो, मग रुसवा, मग उपालंभ, आणि शेवटी तबल्याची जलद लग्गी सरून मुखडा समेवर परतला, की ओळ तीच असूनही ऐकणारा पूर्वीचा राहिलेला नसतो. अक्षर न बदलता अर्थ बदलण्याचे हे सामर्थ्य ज्या कथाकाराच्या कानात मुरले, त्याला कथेचा कणा कोठे असतो हे निराळे शिकवावे लागत नाही.

याचा उत्तम दाखला काशीतच सापडतो. शिवप्रसाद मिश्र ‘रुद्र’ (१९११–१९७०) यांची ‘बहती गंगा’ ही हिंदी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. सतरा स्वतंत्र कथांतून या नगरीची सुमारे दोनशे वर्षे सांगणाऱ्या या ग्रंथात कित्येक प्रकरणांना लोकांच्या तोंडी असलेल्या गीतांच्या ओळीच शीर्षक म्हणून दिल्या आहेत. वॉरन हेस्टिंग्जने १७८१ साली काशीतून पळ काढला, त्यावेळी लोकांनी केलेली टवाळी एका कथेच्या मुळाशी आहे. काळ्या पाण्यावर धाडलेल्या दाताराम नागरावरची कजरी, म्हणजे पावसाळी लोकगीत, दुसऱ्या कथेच्या.

या सर्वांत मला श्रेष्ठ वाटते ती दुलारी आणि टुन्नू यांची कथा. दुलारी ही कजरीच्या सवाल-जबाबात नाव कमावलेली गायिका, आणि टुन्नू हा तशाच एका सामन्यात तिच्यासमोर उभा ठाकलेला सोळा-सतरा वर्षांचा ब्राह्मणपुत्र. तो तिला खादीचे वस्त्र भेट देतो, आणि पुढे विदेशी कपड्यांच्या होळीसाठी निघालेल्या मिरवणुकीत मारहाण होऊन प्राणास मुकतो. दुलारीला मग सरकारधार्जिण्या मंडळींच्या जलशात गाण्यास भाग पाडले जाते. तेच खादीचे वस्त्र नेसून ती चैत्रात गायिली जाणारी एक जुनी चैती गाते. चैती आहे नाकातला दागिना याच जागी हरवल्याची, शृंगाराच्या लाडिक तक्रारीची. पण टुन्नू जेथे कोसळला त्या भूमीवर दृष्टी लावून ती गात असल्यामुळे ‘याच जागी’ म्हणताच दागिना लोपतो आणि मृत्यूची जागा उभी राहते. लेखकाने येथे एकही विलापाचे वाक्य योजलेले नाही. बोलबनावाने जे साधते, ते त्याने प्रसंगाच्या योजनेने साधले. कथेच्या अखेरीस या घटनेचा वृत्तांत वर्तमानपत्राच्या कचेरीत वाचला जातो, आणि संपादक तो खरा मानूनही छापण्यास नकार देतो. दफ्तराने जे नाकारले, ते गाण्यात टिकून राहिले, आणि रुद्रांनी ते तेथून उचलले.

पाश्चात्त्य वाङ्मयातही असे प्रयत्न झाले आहेत. जेम्स जॉइस स्वतः उत्तम गात असे, आणि १९२२ सालच्या ‘युलिसिस’मधील ‘सायरन्स’ प्रकरण आपण फ्यूग या संगीतरचनेच्या धर्तीवर बांधल्याचे त्याने सांगितले. मात्र जॉइसने संगीताचा आराखडा घेतला. रुद्रांनी गाणाऱ्या माणसांचे सुखदुःखही घेतले, आणि म्हणूनच ते मला अधिक जवळचे वाटतात.

लिहिताना शेजारी गाणे चालू ठेवावे की काय, असे नवे लेखक विचारतात. माझ्या मते श्रवण आधी झालेले बरे. पुष्कळ आधी, वर्षानुवर्षे. श्रावणात काशीच्या गल्ल्यांतून कजरी निनादते, आणि त्याच महिन्याच्या मंगळवारी मराठी घरांत मंगळागौर जागविली जाते. झिम्मा-फुगडीच्या त्या गाण्यांत सासर-माहेर, माया आणि जाच तालात बांधलेले असतात, आणि तीच गाणी नवी नवरी एका मनाने म्हणते, तर तिची आजी दुसऱ्याच मनाने. मंगला गौरीच्या बोळांत वाढलेल्या एखाद्या मराठी घराची गोष्ट, ही दोन्ही गाणी कानात मुरवून कोणी लिहिली, तर ती कादंबरी मला वाचावयाची आहे.