बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका

मार्च १९४८ मध्ये मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जॉन केड यांनी ५१ वर्षांच्या एका रुग्णाला लिथियमचा क्षार द्यायला सुरुवात केली. पाच वर्षं तो माणूस सतत उन्मादात होता. तोडफोड करायचा, ज्याच्यात्याच्या कामात लुडबुड करायचा. सारा वॉर्ड त्याला कंटाळला होता आणि तो सुधारेल ही आशा कुणालाच उरली नव्हती. जुलैमध्ये तो घरी गेला आणि जुन्या नोकरीवर रुजूही झाला. ऑक्टोबरमध्ये मात्र पुन्हा दाखल झाला. बरं वाटल्यावर त्यानं औषध सोडून दिलं होतं.

बायपोलर आजाराची अर्धी गोष्ट या एका माणसात आहे.

या आजारात माणसाची मनःस्थिती दोन टोकांना जाते. उन्मादाच्या काळात दोन-तीन तासांची झोपही पुरते, विचार आणि बोलणं सुसाट सुटतं, कर्ज काढून खरेदी होते, अचाट धंद्यांचे बेत रचले जातात. हे किमान आठवडाभर टिकलं, किंवा त्याआधीच रुग्णालयात न्यावं लागलं, तर डॉक्टर त्याला उन्माद म्हणतात. नैराश्यात तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, स्वतःला दोष देतो, जगणं नको म्हणतो. मधल्या काळात तो अनेकदा अगदी पूर्ववत असतो. त्यामुळे घरच्यांना हा आजार न वाटता स्वभाव वाटतो, कुठे बाहेरची बाधा वाटते. यात वर्षं वाया जातात, आणि ती परत मिळत नाहीत.

बरेच रुग्ण डॉक्टरकडे पहिल्यांदा येतात ते नैराश्यात. पूर्वी येऊन गेलेला उन्माद त्यांना आजार वाटलेलाच नसतो, म्हणून ते सांगत नाहीत. नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर काहींचा लंबक उलट उन्मादाकडे जातो. अशा वेळी सोबत आलेल्या बायकोनं, भावानं किंवा आईनं दिलेली माहिती फार मोलाची ठरते.

लिथियमच्या या उपयोगाचा शोध केड यांना चुकीच्या तर्कातून लागला. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य असावं, अशी त्यांची कल्पना होती. ते तपासण्यासाठी युरिक आम्ल विरघळवायचं होतं, म्हणून लिथियम वापरलं. ते टोचल्यावर गिनीपिग सुस्त पडले. रुग्णांना देण्यापूर्वी केड यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं आणि १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे डेन्मार्कच्या मॉगेन्स शौ यांनी रीतसर चाचण्या घेऊन या औषधाला भक्कम आधार दिला. आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही आज लिथियमचं स्थान फार वरचं आहे.

पण त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं आहे. केड यांचा तो पहिला रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं दगावला. तेव्हा रक्तातलं प्रमाण मोजण्याची सोय हाताशी नव्हती, आज आहे. ते साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर राखतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडचीही वेळोवेळी तपासणी होते. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हातान्हात शरीरातलं पाणी कमी झालं किंवा दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर हे प्रमाण वाढू शकतं. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

लिथियम मानवत नसेल तर क्वेटियापिन, ओलान्झापिन, लॅमोट्रिजिन असे पर्याय आहेत. व्हॅलप्रोएटही आहे, पण गर्भातल्या बाळाला त्यानं गंभीर अपाय होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. औषधांच्या जोडीला समुपदेशन हवं, आणि झोपेच्या ठरलेल्या वेळा हव्यातच. जागरणानं उन्माद उसळू शकतो. घरातल्या लग्नसराईतही हे पथ्य पाळायला हवं.

गोळ्या कमी करायच्या असतील तर तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांसोबत घ्या. एकदम बंद करू नका. कुठे जावं हे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.